थेंब गळतोय? गळू द्या!

पुण्यात थंडीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या शंकांचा विषय ठरलेला असतो : गिझर. यंदा खराडीचे वाचक आघाडीवर आहेत आणि त्याचं कारण त्या भागाच्या घडणीतच आहे. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आसपास बघता बघता उंच टॉवर उभे राहिले. त्यांच्या टाक्यांत थोडं पाणी महापालिकेचं, थोडं बोअरचं आणि उरलेलं टँकरचं. उंची आणि पाणी या दोन्ही गोष्टी गिझरच्या मुळावर येतात. म्हणून या वेळचं सगळं सदर गिझरला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : गिझर चालू असताना त्याच्या खालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतं. गिझर बंद केला की थांबतं. प्लंबर म्हणतो, "प्लग मारून टाकतो, कटकट मिटेल." मारू द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. ती गळती नव्हे, तो व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरचं पाणी ६० अंशांवर नेलं तर ते साधारण दीड टक्क्याने वाढतं. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ होते जवळजवळ ३८० मिलिलिटर, म्हणजे दोन फुलपात्री. गरम पाण्याचा नळ बंद आहे. गार पाण्याच्या वाटेवर एकाच दिशेने उघडणारी झडप आहे, त्यामुळे मागे फिरता येत नाही. पाणी दाबून लहानही होत नाही. मग ही दोन फुलपात्री जायची कुठे? दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि थेंब सोडतो. पाणी तापायचं थांबलं की थेंबही थांबतात. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

गिझरला तीन राखणदार असतात. पहिला थर्मोस्टॅट : ठरलेलं तापमान आलं की वीज तोडतो. त्याचे संपर्क चिकटून बसले तर दुसरा, थर्मल कटआउट. तोही बिघडला तर तिसरा आणि शेवटचा हा व्हॉल्व्ह. पहिले दोघे तापमानावर नजर ठेवतात, तिसरा दाबावर. प्लग मारणं म्हणजे कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून गॅस मोठा ठेवणं.

तिघेही निकामी झाले तर काय होतं, तेही समजून घ्या. बंद भांड्यात दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही चढतो. ८ बार दाबाखाली पाणी १७० अंशांवरही उकळत नाही. अशा वेळी टाकीचा सांधा फाटला की दाब क्षणात उतरतो आणि त्या अतितप्त पाण्यातल्या काही भागाची जागच्या जागी वाफ होते. एक लिटर पाण्यापासून सुमारे १,६०० लिटर वाफ तयार होते. गिझर फुटल्यावर भिंती पडतात त्या या वाफेमुळे.

मग काळजी कधी करायची? गिझर बंद असतानाही पाणी गळत राहिलं, किंवा थेंबांऐवजी धार लागली, तर. पहिल्या प्रकारात व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो, नाहीतर इमारतीच्या लाइनचाच दाब जास्त असतो. उपाय व्हॉल्व्ह साफ करणं, बदलणं किंवा दाब कमी करणं हा आहे. थेंबांचा त्रास होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी जोडून ती खाली नहाणी ट्रॅपपर्यंत सोडा. नळीचं दुसरं टोक उघडं हवं, तिला कॉक नको. व्हॉल्व्हला छोटी दांडी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी ती उचलून सोडा. पाणी उसळून लगेच थांबलं म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. पाणी गरम असेल, तेव्हा हात बाजूला ठेवा.

आणि गरम नळातून कधी पाण्याबरोबर फुसफुसत वाफ येऊ लागली, तर गिझरला हात लावू नका. बाहेरच्या बोर्डावरचा एमसीबी पाडा, बाथरूमचं दार ओढून घ्या, टाकी पूर्ण गार होऊ द्या आणि मग मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : आमच्या आजेसासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर बंब पेटवला, कधी फुटला नाही. तुमचाच कसा फुटतो?" त्यांना काय सांगू?

उत्तर : त्यांचं निरीक्षण अचूक आहे, असंच सांगा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेला तांब्याचा बंब आणि आजचा गिझर यांत पाणी तापवण्याची रीत वेगळी असली, तरी खरा फरक विस्तव आणि वीज हा नाही. बंब उघडा असतो, गिझर बंद. बंबाच्या मधून विस्तवाची उभी नळी जाते आणि तिच्याभोवती पाणी असतं. वरचं तोंड मोकळं. पाणी फुगलं तर वर चढतं, उकळलं तर वाफ निघून जाते. दाब साठायला जागाच नाही. गिझरला मात्र शॉवरपर्यंत जोराने पाणी पोचवायचं असतं, म्हणून तो बंद ठेवावा लागतो.

बंबाचा एक नियम मात्र गिझरलाही जसाच्या तसा लागू आहे : पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही. नवा गिझर बसवल्यावर, किंवा साफसफाईसाठी रिकामा केल्यावर, आधी गार पाणी सुरू करा, गरम नळ उघडा, हवेचे फुरके थांबून सलग धार आली की मगच बटण दाबा. कोरडी कॉइल मिनिटभरात जळू शकते.

इथे एक शंका हमखास येते. गच्चीवरची टाकी संपली आणि नळाला पाणी नसलं तर गिझर रिकामा होतो का? एरवी होत नाही. गरम पाणी टाकीच्या माथ्यावरून उचललं जातं, तेही खालून गार पाणी आत शिरलं तरच. गार पाणी आलं नाही तर गरमही बाहेर पडत नाही. मागे फिरणारं पाणी एकदिशा झडप अडवते. ती झडप खराब असेल तर मात्र टाकी उलटी रिकामी होऊ शकते, म्हणून पाणी गेलेलं असताना गिझर लावू नये हे उत्तम.

प्रश्न : आमचा टॉवर बावीस मजली आहे. खालच्या मजल्यांवरचेच गिझर आणि कनेक्शन पाइप वारंवार फुटतात, वरच्यांचे टिकतात. कंपनी तीच, पाणी तेच. मग हा काय प्रकार?

उत्तर : पाण्याचा दाब. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो. मजल्याची उंची तीन मीटर धरली तर गच्चीवरच्या टाकीपासून तिसरा मजला जवळजवळ ६० मीटर खाली आहे. म्हणजे तिथे नुसत्या उंचीमुळेच ६ बारच्या आसपास दाब पडतो. विसाव्या मजल्यावर हाच आकडा एक बारच्याही खाली येतो, इतका की शॉवर नीट चालावा म्हणून तिथे पंप लावावा लागतो.

आता तुमच्या गिझरच्या पट्टीवर बघा. तिथे कमाल दाबाचा आकडा असतो, बहुधा ६.५ किंवा ८ बार. साडेसहाचा गिझर तिसऱ्या मजल्यावर बसवला तर तो रोज काठावर जगतो. रात्री कुणीच पाणी वापरत नाही तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. त्यात कुणी नळ झटकन बंद केला की पाइपमधून धक्का येतो, तो वेगळाच.

म्हणून उंच इमारतीत ठरावीक मजल्यांगणिक डक्टमध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. टँकरच्या पाण्यातले क्षार आणि वाळू त्यांच्यात अडकते आणि ते उघडेच्या उघडे राहतात. सोसायटीने वर्षातून एकदा त्यांची तपासणी करायला हवी. तुम्हाला स्वतःला खात्री करायची तर नळाला लावायचा प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रात्री सगळे नळ बंद असताना आकडा वाचा आणि सचिवांना फोटो पाठवा. नवा गिझर घेताना मात्र ८ बारच्या खालचा घेऊच नका. त्यावर आयएसआय चिन्हही असलं पाहिजे.

प्रश्न : पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो, आतून तडतड आवाज येतो आणि बादलीत पांढरे पापुद्रे पडतात. गिझर तर दोनच वर्षांचा आहे.

उत्तर : गिझर दोन वर्षांचा असला तरी त्याने पाणी कोणतं प्यायलं, त्यावर त्याचं वय ठरतं.

सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचं पाणी मऊ असतं. पुण्याच्या पूर्व भागासाठीची भामा-आसखेड योजना जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. तीही अशीच धरणाच्या पाण्याची. पण वस्ती योजनेपेक्षा वेगाने वाढली आणि तूट बोअरने व टँकरने भरून निघते. हे पाणी दख्खनच्या काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पिणाऱ्याला ६०० चालेल, गिझरला नाही.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार मात्र उलटा. तापवलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, खाली बसते. सगळ्यात गरम जागा कॉइलची, म्हणून पहिला थर तिच्यावरच. थर उष्णतेला अडवतो, पाणी उशिरा तापतं, कॉइल आत जास्त तापते आणि लवकर जाते. थराखाली अडकलेलं पाणी उकळून बुडबुडे फुटतात, तीच तुमची तडतड.

किती वेळा साफ करावा? सोसायटीच्या पाण्याच्या तपासणीत कठीणपणा २०० च्या आत असेल तर दोन वर्षांतून एकदा, ४०० पर्यंत असेल तर दरवर्षी, त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांनी. सोसायटीकडे अहवाल नसेल तर थेंब टाकून रंग बघण्याची किट घरीही वापरता येते.

साफ करताना आधी एमसीबी बंद, मग गार पाण्याचा अँगल कॉक बंद, मग गरम नळ उघडून टाकीत हवा जाऊ द्यायची आणि पाणी सोडायचं. पाणी गार झालेलं असलं पाहिजे. कॉइल बाहेर काढून ती सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे वाण्याकडच्या लिंबूसत्त्वाच्या, कोमट पाण्यात बुडवून ठेवली की थर सुटतो. मेकॅनिक फरशी धुण्याचं ॲसिड टाकीत ओतू लागला तर त्याला तिथेच थांबवा. त्याने क्षार जातील, पण त्यासोबत धातूही जाईल. परत जोडताना रबरी गॅसकेट नवीनच घालायला सांगा. जुन्या गॅसकेटमधून झिरपलेलं पाणी थेट विजेच्या जोडांवर पडतं.

आणि तापमानाचं बटण कमाल टोकावर ठेवू नका. पाणी जितकं जास्त तापवाल, तितका क्षार जास्त बसेल.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, "आतला रॉड संपलाय, बदलावा लागेल." पाणी तर नीट तापतंय. मग तो गंडवतोय का?

उत्तर : बहुधा नाही. तो म्हणतोय तो ॲनोड रॉड. त्याचा पाणी तापवण्याशी काही संबंध नाही. तो गंजायलाच ठेवलेला असतो.

१८२४ मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हींनी आरमाराच्या जहाजांसाठी एक युक्ती शोधली. जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा असे आणि तो समुद्राच्या पाण्याने खराब होई. डेव्हींनी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. खारं पाणी आधी त्या तुकड्यांना खाऊ लागलं आणि तांबं वाचलं. तुमच्या गिझरमध्ये जस्ताच्या जागी मॅग्नेशियमची कांडी असते आणि तांब्याच्या जागी पोलादी टाकी. टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो, पण त्यात कुठेतरी सूक्ष्म भेग राहतेच. कांडी आहे तोवर त्या भेगेतून टाकी गंजत नाही. कांडी संपली की पाणी टाकीकडे वळतं आणि तिला भोक पडलं की दुरुस्ती नसते.

मेकॅनिकला एवढंच म्हणा, "काढलेला रॉड दाखवा." तो निम्म्याहून बारीक झाला असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. कठीण पाण्यात दरवर्षी बघावा. सॉफ्टनर लावलेल्या घरांनीही गाफील राहू नये. मऊ केलेल्या पाण्यात मिठाचा अंश वाढलेला असतो आणि त्यात कांडी उलट लवकर झिजते.

प्रश्न : तापमान किती ठेवावं? घरात दीड वर्षाचं बाळ आहे आणि सासरेही वयस्कर आहेत.

उत्तर : टाकीत ६० अंश, अंगावर ४० च्या आसपास. हे दोन आकडे वेगळे आहेत, हे लक्षात ठेवलं की बाकी सोपं आहे.

टाकीत त्याहून कमी का नको? १९७६ च्या जुलैत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया होऊन कित्येक दगावले. पुढच्या जानेवारीत त्यामागचा जिवाणू सापडला. त्याचं नाव लिजिओनेला. तो २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. ६० अंशांवर तो तग धरत नाही. वीज वाचवायला टाकी सतत चाळीसवर ठेवणं म्हणून बरं नव्हे, विशेषतः घरात वृद्ध माणसं असताना.

आणि थेट अंगावर ६० का नको? त्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत गंभीर भाजते. बाळाला त्याहून कमी वेळ लागतो. ५० अंशांवर हाच वेळ काही मिनिटांवर जातो. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्या, मग त्यात गरम सोडा. गरम भरून ठेवून विसण घालायला वळलात आणि तेवढ्यात बाळाने हात घातला, असे प्रसंग याच क्रमामुळे घडतात. शॉवर वापरत असाल तर ठरावीक तापमानाचंच पाणी सोडणारा मिक्सर बसवून घ्या.

प्रश्न : अंघोळीआधी गिझर बंद करावा का? कधी कधी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.

उत्तर : दुसरं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं. झिणझिण्या येत असतील तर आजपासून तो गिझर वापरू नका. एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

याचा अर्थ एकाच वेळी दोन गोष्टी बिघडल्या आहेत. कॉइलच्या आवरणाला तडा जाऊन वीज पाण्यात उतरतेय आणि अर्थिंगची वाट तुटली आहे, नाहीतर ती वीज तुमच्या हाताऐवजी जमिनीत गेली असती. शिवाय आरसीसीबीही नाही किंवा चालत नाही. जाणारी आणि परतणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की आरसीसीबी क्षणार्धात पुरवठा तोडतो. माणूस वाचतो तो यामुळे. एमसीबी वायर वाचवतो. घराच्या बोर्डावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण शोधा आणि महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर उपकरण बदला. असं बटणच सापडलं नाही तर ते बसवून घेणं हा या हिवाळ्यातला पहिला खर्च समजा.

२ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर वीज घेतो, ३ किलोवॉटचा छोटा इन्स्टंट गिझर १३. त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेटच हवं. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा थ्री-पिनला टू-पिनचा जुगाड चालणार नाही. प्लग गरम लागत असेल, काळवंडला असेल तर सॉकेट बदला.

सगळं ठीक असलं तरी अंघोळीआधी बंद करण्याची सवय चांगलीच आहे, आणि बिलालाही बरी. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट आणि अर्धा तास लागतो. दिवसभर चालू ठेवलात तर न वापरलेलं पाणी पुन्हा पुन्हा तापवण्याचे पैसे भरता.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. एक्झॉस्ट फॅन लावतो. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. या सदरात हे एकच उत्तर असं आहे, की ज्यात कुठलीही सवलत नाही : गॅस गिझर बाथरूमच्या आत नको.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर शेगडीच्या चार-पाच बर्नरइतकी आग एका वेळी पेटवतो. छोट्या बंद खोलीतला प्राणवायू झपाट्याने कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच बंद बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांत दगावली.

पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत येणारी हवा कुठून? दाराखालची फट पुरत नाही. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या जागी बसवा आणि पाइप आत आणा. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेला असाल तर जुना गिझर तसाच जोडू नका, दोन्हींच्या बर्नरची छिद्रं वेगळी असतात. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली, की काजळी धरायला लागली, की गिझर बंद करा. कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : मी सोसायटीचा सचिव आहे. गच्चीवरच्या सोलर टाकीच्या माथ्यावर एक उघडी नळी आहे, तिच्यातून उन्हाळ्यात वाफ आणि पाणी उडतं. सभासद म्हणतात, टोपण लावा.

उत्तर : सभासदांना नम्रपणे नाही म्हणा. ती हवेची नळी आहे आणि तिला दोन कामं आहेत. एप्रिल-मेमध्ये गरम पाण्याचा वापर कमी आणि ऊन कडक, त्यामुळे टाकीतलं पाणी उकळीला येतं. वाफ त्या नळीतून जाते. दुसरं काम उलट दिशेचं. खालच्या मजल्यांवर नळ उघडले की टाकी रिकामी होऊ लागते आणि तितकी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर बाहेरच्या हवेचा दाब, चौरस मीटरला जवळपास दहा टन, टाकीचा पातळ पत्रा आत दाबतो. गच्च्यांवर चेपलेल्या सोलर टाक्या दिसतात, त्यांतल्या कित्येकींची कहाणी हीच असते. किडे-पाखरं जाऊ नयेत म्हणून जाळी लावा, टोपण नको.

काचेच्या नळ्यांची सोलर असेल तर आणखी एक पथ्य : रिकामी झालेली यंत्रणा भर उन्हात भरू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की नळी तडकते. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर भरा. पावसाळ्यात टाकीतलं पाणी दिवसचे दिवस कोमट राहतं. तेव्हा बॅकअप हीटर लावून ते अधूनमधून ६० अंशांवर न्या. आणि यंत्रणा चालू ठेवा. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत, पर्जन्य जलसंधारण अशा प्रकल्पांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, पण ती प्रकल्प चालू असेल तरच.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. गिझर फॉल्स सीलिंगच्या वर आहे. कधी दुरुस्त झाला, माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी तो दिसेल असं करा. २५ लिटरचा भरलेला गिझर सहज ३५-४० किलोंचा होतो. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या ब्लॉकच्या असतात आणि त्यांत साधे स्क्रू धरत नाहीत. म्हणून सीलिंगचा तुकडा उघडून बोल्ट हलतात का, प्लास्टरला तडे आहेत का, गंजाचे ओघळ आहेत का, ते बघा. मग मेकॅनिककडून एकाच फेरीत पाच गोष्टी करून घ्या : सेफ्टी व्हॉल्व्ह, ॲनोड रॉड, कॉइल व गॅसकेट, थर्मोस्टॅट व कटआउट, आणि अर्थिंग. कनेक्शन पाइप फुगले किंवा गंजले असतील तर तेही बदला. पाणी व्हॉल्व्हमधून न येता टाकीच्या अंगातून झिरपत असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, गिझर बदला. आणि गावाला पंधरा दिवसांहून जास्त जात असाल तर एमसीबी व अँगल कॉक दोन्ही बंद करून जा. परत आल्यावर गरम नळ आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग बटण लावा.

आता पैशाचं. गिझर घरमालकाचा आणि अंघोळ भाडेकरूची, त्यामुळे देखभाल कुणाचीच नाही, असं घरोघरी चालतं. पुढच्या वेळी अकरा महिन्यांचा करार करताना त्यात एक ओळ घालून घ्या : गिझरची वर्षातून एकदा तपासणी आणि तिचा खर्च कोणाचा. वाटल्यास निम्मा-निम्मा करा, पण लिहून घ्या.